बारी: देवगड, ओस्लो, लिस्बन, साओ पावलो (प्रकल्प नोंदी)

६ ऑक्टोबर २०२४

आज सगळ्यांचं पक्कं झालं. अल्बमचं नाव सध्या 'बारी'. पाच रचना, एकूण पाऊण तासाच्या आत. पियानो ओस्लोहून, अल्टो सॅक्सोफोन लिस्बनहून, ड्रम साओ पावलोहून. इकडे देवगडात फ्रेटलेस बेसवर (पडदे नसलेली बेस गिटार) मी, पखवाजावर आबा, आणि त्यांच्याच भजन मंडळातले पेटीवाले काका आणि झांज वाजवणारा त्यांचा पुतण्या. कोणी कोणाकडे जाणार नाही. जे काही होईल ते फायली पाठवून आणि रात्रीच्या कॉलवर.

पहिल्याच कॉलवर एक गोष्ट मी सगळ्यांकडून कबूल करून घेतली. पखवाजाचे तुकडे करायचे नाहीत. फ्युजनच्या नावाने बरंचसं काम असं चालतं: आपल्याकडच्या वादकाला बोलवायचं, कानात टिकटिक लावून चार आवर्तनं वाजवून घ्यायची, त्यातलं एक उचलून लूप करायचं आणि वर आपलं संगीत रचायचं. मग पखवाज असतो, पण वाजवणारा नसतो. १९७०च्या दशकात 'शक्ती'मध्ये जॉन मॅक्लॉक्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि घटमवाले विक्कू विनायकराम मांडीला मांडी लावून बसले, म्हणून ते संगीत तसं झालं. आम्हाला मांडीला मांडी लावता येणार नाही. तरीही माणूस माणसाला उत्तर देतोय हे ऐकू आलं पाहिजे. सगळं काम त्यासाठीच करायचं आहे.

१४ ऑक्टोबर २०२४

सूर ठरवला. काळी दोन. आबांचा पखवाज तिथे छान बोलतो, आणि अल्टो सॅक्सोफोनवाल्याला ही पट्टी हातची, कारण त्याच्या वाद्याचा 'सी' म्हणजेच आपली काळी दोन.

अडचण निघाली पेटीत. काकांची पेटी जुनी, वडिलांच्या वेळची. ट्यूनरवर बघितलं तर नेहमीच्या ४४० हर्ट्‌झऐवजी ४३६ च्या आसपास लागते, म्हणजे सगळेच स्वर किंचित उतरलेले. पेटी कुठेही दुरुस्तीला पाठवायची नाही. स्वरपट्ट्या खरवडून सूर चढवता येतो, पण त्या पेटीचा आवाज एवढा मुरलेला आहे की तिला हात लावायची माझी हिंमत नाही, आणि गरजही नाही. बेस मी तेवढाच उतरवून लावीन. ओस्लोवाली तिच्या इलेक्ट्रिक कीबोर्डची पट्टी ४३६ वर आणेल. सॅक्सोफोनवाला माउथपीस थोडा बाहेर ओढून वाजवेल. त्याने विचारलं, नंतर सॉफ्टवेअरने पेटी वर का नाही ओढायची? ओढता येते. पण मग सभोवती वाजणारी झांजही ओढली जाते आणि तिचा पितळी झणकार मरतो. तो लगेच तयार झाला.

अख्खा अल्बम पेटीवाल्या काकांच्या सुरात.

२७ ऑक्टोबर २०२४

युरोपात आज घड्याळं एक तास मागे गेली. आपल्यात आणि ओस्लोत आता साडेचार तास, लिस्बनशी साडेपाच. ब्राझीलने २०१९ पासून घड्याळं हलवणं बंद केलंय, त्यामुळे साओ पावलोशी बारमाही साडेआठ. आपले रात्रीचे साडेनऊ ठेवले की तिकडे दुपारचा एक, लिस्बनला चार, ओस्लोला पाच. हीच वेळ कायम.

१९ नोव्हेंबर २०२४

ध्वनिमुद्रणाची जागा मिळाली: आबांचा सड्यावरचा मांगर, म्हणजे शेतातलं खोपटं. घर चिऱ्याचं आहे, तिथे टाळी वाजवली तरी भिंती बोलतात. मांगरात मात्र भातकापणी उरकून तीन बाजूंनी छपरापर्यंत गवत रचून ठेवलंय. गवत आवाज पिऊन टाकतं. महागड्या फोमच्या पट्ट्यांनी जमणार नाही इतकी कोरडी, स्वच्छ खोली फुकटात झाली. चौथ्या बाजूला दोन गोधड्या टांगल्या. समुद्र खाली दूर आहे, रात्री दहानंतर फक्त रातकिडे, आणि ते माइकच्या पाठीमागे राहतील अशी मांडणी केली.

पखवाजाला दोन माइक. उजव्या, शाईच्या बाजूला कंडेन्सर, वीतभर अंतरावर, थोडा तिरका. डाव्या बाजूला डायनॅमिक. आबा बसले, परातीत कणीक भिजवली, डाव्या पुडीवर थापली, अंगठ्याने कडा दाबून गोल केली, एकदा हात टाकला, ऐकलं, चिमूटभर काढली, पुन्हा हात टाकला. मग गठ्ठ्यांवर हातोडी. हे सगळं मी माइक चालू ठेवून घेतलं. ओस्लोला आणि साओ पावलोला पहिली फाईल हीच पाठवणार: वाजवण्याआधीचा पखवाज. कणीक सुकत गेली की धूमचा आवाज पातळ होतो, म्हणून दोन टेकच्या मध्ये ओला हात फिरवायचा, हे आबांनी न विचारता सांगितलं आणि मी माझ्या कागदावर लिहून ठेवलं.

मुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. पखवाजाचे दोन, पेटीचे दोन, झांजेचा एक, असे पाच ट्रॅक आठ मिनिटांच्या रचनेला साडेतीनशे एमबीच्या घरात जातात. रस्त्याच्या कामात केबल तुटलेली असल्याने सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, सड्याच्या टोकाला उभं राहून चढवलं.

२५ नोव्हेंबर २०२४

आज सगळ्यात मोठा प्रश्न सुटला.

दूर बसून अल्बम करायचा म्हणजे सगळ्यांनी एकाच टिकटिकीवर वाजवायचं, ही सर्वमान्य रीत. नाहीतर चार देशांतले चार ट्रॅक एकमेकांवर बसणार कसे? म्हणून आबांच्या कानात मी हेडफोन घातला आणि मिनिटाला ९० मात्रांची लय लावली. त्यांनी दोन आवर्तनं वाजवली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"गो बाय, ह्यो टिकटिक बंद कर आधी. गजर असो वाजयत काय? लय चढतली, तशी चढांदे."

त्यांचं बरोबर आहे. भजनात गजर सुरू होतो तिथे तो संपत नाही. बुवा एक ओळ धरतो, कोरस ती उचलतो, दर फेरीला पखवाज अंगुळभर पुढे सरकतो, झांज त्याच्यामागून, आणि शेवटाला अशा लयीत पोचतो की सुरुवात आठवतच नाही. ही चढण काढून टाकली तर उरेल तो नुसता ठेका.

म्हणून उलटं केलं. आबा, काका आणि पुतण्याने हेडफोनशिवाय, समोरासमोर बसून गजर वाजवला. ८४ ला सुरू, १३२ ला संपला. मग मी रीपर या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून प्रत्येक समेवर हाताने खूण केली. दोन खुणांमधलं अंतर मोजून सॉफ्टवेअर त्या आवर्तनाची लय काढतं. अशा खुणा एकापुढे एक लावल्या की लयीचा नकाशा होतो, आणि पट्टीवरच्या मात्रांच्या रेघा आबांच्या हाताप्रमाणे जवळ येत जातात. पडद्यावर बघितलं तर चढण सरळ नाही. तीन आवर्तनं चढते, मग काकांनी पेटीवर तान घेतली तिथे किंचित ओसरते, त्यांना जागा देते, मग पुन्हा उचलते. कुठल्याही यंत्राला असं वाजवायला सांगता आलं नसतं.

नकाशा मिडी फाईलमध्ये घालून पाठवला. एकाच्या सॉफ्टवेअरने तो उघडला नाही. म्हणून सोबत फक्त झांजेचा ट्रॅक वेगळा दिला. टिकटिकीऐवजी झांज कानात घेऊन वाजवा, असं सांगितलं.

८ डिसेंबर २०२४

साओ पावलोहून ड्रम आले, आणि दोन दिवस मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

त्याने भजनी ठेका ऐकून पहिल्यांदा विचारलं, हे ईशान्य ब्राझीलमधलं आहे का? मला वाटलं गंमत करतोय. मग त्याने कॉलवरच वाजवून दाखवलं. आपला भजनी ठेका आठ मात्रांत मोजला तर धिं पहिल्या मात्रेवर, मग चौथ्यावर, मग सहाव्यावर. तिकडे 'बायाँव' नावाचा ताल आहे. त्यात मोठ्या ढोलाचे ठोके आठात पहिल्यावर आणि चौथ्यावर पडतात. पहिल्यावरून थेट चौथ्यावर, हा तीनाचा झोका दोन्हीकडे तोच. १९४०च्या दशकात लुईझ गोंझागाने हा ताल देशभर नेला.

पण खरी मौज पुढे. बायाँवची तिकडची परंपरागत मंडळी तीन: झाबुंबा म्हणजे गळ्यात अडकवलेला दोन तोंडांचा ढोल, वरच्या बाजूला गादी लावलेली जाड काठी, खालच्या बाजूला बारीक छडी. सोबत अकॉर्डियन, त्याला ते सांफोना म्हणतात. आणि लोखंडी त्रिकोण. इथे मांगरात काय होतं? दोन तोंडांचा पखवाज, भाता आणि पितळी पट्ट्यांची पेटी, आणि झांज. कातडं, भाता, धातू. अकॉर्डियन आणि पेटी तर एकाच घरातल्या, दोन्हींत हवा मोकळ्या पट्टीला थरथरवते. पेटी आपल्याकडे युरोपातून आली, अकॉर्डियनही ब्राझीलमध्ये युरोपातूनच गेलं, आणि दोन्ही ठिकाणी गावच्या माणसांनी त्यांना आपल्या ढोलाशेजारी आणि धातूशेजारी बसवलं. कोणी कोणाचं बघून केलेलं नाही.

आबांना मोबाईलवर झाबुंबाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी ढोलाकडे नाही, छडीच्या हाताकडे बघितलं. "खालचो हात आपल्या चाटीसारखो चलता," म्हणाले. मग पखवाज ओढून घेतला आणि उजव्या हाताच्या बोटांनी ती छडी वाजवून बघितली.

त्यामुळे आधी लिहिलेली ड्रमची मांडणी मी बाजूला ठेवली. पहिल्या रचनेत आता स्नेअर जवळजवळ नाही. ड्रमर बहुतेक वेळ झाबुंबा वाजवेल आणि शेवटच्या चढणीतच ड्रमसेटवर येईल. आबांच्या लयीचा नकाशा त्याने तंतोतंत पाळलाय असं नाही, तो मात्रेच्या केसभर मागे बसतो, पण सम कुठेच सोडलेली नाही. तो मागे राहतो म्हणूनच आबांची चढण अधिक जाणवते. एकही ठोका सरकवायचा नाही असं फाईलच्या नावातच लिहून ठेवलं.

१६ डिसेंबर २०२४

काल रात्री बातम्या उलटसुलट येत होत्या, आज सकाळी त्यांच्या घरच्यांनी पक्कं सांगितलं. झाकीरभाई गेले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, ७३ व्या वर्षी.

आबा सकाळीच मांगरात आले होते. त्यांच्याकडे झाकीरभाईंच्या वडिलांची, उस्ताद अल्लारखांची एक कॅसेट अजून आहे, ते तिच्याबद्दल बोलत राहिले. याच वर्षी फेब्रुवारीत झाकीरभाईंना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली, त्यातलं एक 'शक्ती'च्या अल्बमचं. तो अल्बमही मंडळी वेगवेगळ्या देशांत असताना, बराचसा एकमेकांना मुद्रण पाठवत तयार झालेला. आम्ही हे काम धरलं तेव्हा ज्याच्याकडे बघून धीर आला ते तेच काम होतं. संगत म्हणजे ऐकणं हे त्यांनी आयुष्यभर मोठमोठ्या लोकांशेजारी बसून दाखवून दिलं. तंतुवाद्यवाला काय बोलतोय ते आधी पूर्ण ऐकायचं, मग हात उचलायचा.

रात्री कॉलवर कोणी वाजवलं नाही. ड्रमरने सांगितलं, त्याने तबला असा पहिल्यांदा झाकीरभाईंकडूनच ऐकला होता, शाळेत असताना. सॅक्सोफोनवाल्यानेही तेच सांगितलं.

५ जानेवारी २०२५

तिसरी रचना, राग जोग.

जोग निवडला त्याला कारण आहे. चढताना शुद्ध गंधार, उतरताना मध्यमावरून शुद्ध गंधाराला स्पर्श करून पुन्हा मध्यम, मग कोमल गंधारावरून षड्जावर येणं. दोन्ही गंधार आणि कोमल निषाद. फ्युजनमध्ये रोज भेटणारा 'सेव्हन शार्प नाइन' हा कॉर्ड घ्या: त्यात मोठा तिसरा, कोमल सातवा आणि वरती छोट्या तिसऱ्याचा स्वर. म्हणजे जोगचे दोन्ही गंधार आणि निषाद एका मुठीत. काळी दोनच्या षड्जावर हा कॉर्ड दाबला की राग समोर उभा राहतो.

पण उभा राहतो एवढंच, चालत नाही. ओस्लोवालीने पहिल्या फाईलमध्ये तो कॉर्ड सगळीकडे धरला होता, आणि ऐकायला फार सुंदर वाटत होता. तरीही मी तिला लिहिलं की दोन्ही गंधार सतत एकत्र वाजत राहिले तर ऐकणाऱ्याला कोमल गंधाराची वाटच बघावी लागत नाही. जोगमध्ये कोमल गंधार हा घरी येताना उंबऱ्यावर टेकवलेला पाय आहे. तो आधीच आत असेल तर येणं कुठलं?

तिने उत्तर लिहिलं नाही, नवीन फाईल पाठवली. डावा हात षड्ज आणि पंचम, मधली जागा मोकळी. सॅक्सोफोन उतरत उतरत मध्यमावरून शुद्ध गंधार घेतो, कोमल गंधारावर रेंगाळतो, आणि षड्जावर पाय टेकवतो त्या क्षणी तिचा पूर्ण कॉर्ड येतो, दोन्ही गंधारांसकट. पुढे तो विरू देते. एवढ्या एका जागेसाठी सात मिनिटांची रचना उभी आहे.

माझा बेस तिथे फक्त मींड घेतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जातो. फ्रेटलेस घेतला तो त्यासाठीच.

१९ जानेवारी २०२५

चौथी रचना तेवरा तालात. धा दिं ता । तिट कत । गदि गन. सात मात्रा, टाळ्या पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, खाली नाही. ड्रमरने स्नेअर चार आणि सहावर टाकला आणि काम झालं. या रचनेबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही, ती पहिल्यापासून नीट बसली.

तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, ती समजावणं मात्र आवडलं. दुसऱ्या रचनेतली, सोळा मात्रांची. पाच मात्रांचा बोल, एक मात्रा थांबा, पुन्हा बोल, एक मात्रा थांबा, पुन्हा बोल: पंधरा आणि दोन, सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. हे कागदावर लिहून पाठवलं तर समजतं, पण वजन कळत नाही. म्हणून प्रत्येक रचनेबरोबर तीन गोष्टी जातात: युरोपीय नोटेशनचा कागद, देवनागरीत बोल, आणि आबांची तोंडी पढंत. सॅक्सोफोनवाला म्हणतो, तो कागद बाजूला ठेवून पढंतीबरोबर फुंकतो.

आपल्या किनाऱ्याला हे वाचणं-ऐकणं नवीन नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली मंडळी मुंबईत आली, हॉटेलांत रात्री जॅझ वाजवला आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत बसली. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल ते कागदावर उतरवायचे आणि साठ-सत्तर वादकांपुढे ठेवायचे. १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली तीही त्या पिढीने तयार केलेल्या कानांच्या जिवावर. कोकणात बसून जॅझ कशाला, असं मला विचारतात त्यांना मी ही नावं सांगते.

१६ फेब्रुवारी २०२५

शेवटची रचना, जिच्यावरून अल्बमचं नाव आलं. ही एकच रचना सगळ्यांनी एका वेळी, खरोखर एकत्र वाजवलेली हवी होती.

भौतिकशास्त्र आडवं येतं. प्रकाश काचेच्या तंतूतून मिलिसेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर जातो. देवगडहून ओस्लो सरळ रेषेतही साडेसहा हजार किलोमीटरच्या पुढे, साओ पावलो तेरा हजारांच्या पुढे. प्रत्यक्ष केबल वळणावळणाने जाते, वाटेत यंत्रं वेळ खातात. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपलीकडे गेलं की दोन वादकांना एका मात्रेवर बसणं जड जातं. हवेतल्या आवाजाच्या हिशोबाने हे अंतर आठ-दहा मीटर भरतं. दूरच्या वादकांना इंटरनेटवरून एकत्र वाजवू देणारी जॅम्युलससारखी सॉफ्टवेअरं जवळच्या शहरांत छान चालतात. इथे नाही.

पण २००५ पासून निनजॅम नावाची एक वेगळी युक्ती आहे. ती उशीर कमी करायच्या मागे लागतच नाही. उशीर वाढवून बरोबर एका आवर्तनाचा करते. तुम्ही आत्ता वाजवता त्याच्यासोबत तुम्हाला बाकीच्यांचं मागचं आवर्तन ऐकू येतं. सोळा मात्रा, लय ९६, म्हणजे बरोबर दहा सेकंद मागचं. मात्रा जुळलेल्या, सम जुळलेली, बोलणं मात्र आधीचं.

हे वाचल्यावर मला डबलबारीच दिसली. समोरासमोर दोन मंडळं, एक बुवा आपली बारी करतो, दुसरा ऐकून घेतो आणि मग उत्तर देतो. कोणी कोणाच्या बोलण्यात बोलत नाही. बारी आपली, बारी त्यांची.

हिशोब असा बसला: मांगरातून पहिल्या आवर्तनात सवाल गेला की तिकडे तो दुसऱ्यात ऐकू येतो, ते तिसऱ्यात जवाब देतात, आणि आपल्याला तो चौथ्यात ऐकू येतो. मधली दोन आवर्तनं आबा नुसता ठेका धरतात. मला ती लांबण वाटत होती. आबा म्हणाले, "बुवाक घोटभर पाणी पिवक येळ नको?"

लयीचं काय, हा प्रश्न होताच. निनजॅममध्ये आवर्तनाच्या आत लय चढत नाही, बदल पुढच्या आवर्तनापासून लागू होतो. यावर आबाच म्हणाले, पायरीपायरीने चढूया. म्हणून जवाब आला की लय थोडी वर, मग पुढचा सवाल. सर्व्हर ओस्लोवालीने लावला, लय बदलायचं कामही तिच्याकडे. वाटेतला आवाज दाबून पाठवला जातो, त्यामुळे प्रत्येकाने आपापला ट्रॅक पूर्ण दर्जाने घरीच मुद्रित केला.

तिसऱ्या पायरीला सॅक्सोफोनवाल्याने आबांची तिहाई जशीच्या तशी परत दिली, पण अर्ध्या मात्रेने सरकवून, शेवटचा स्वर समेच्या जरा आधी. चौथ्या आवर्तनात ती मांगरात पोचली तेव्हा आबा ठेका धरून होते. त्यांनी मान वर केली, काकांकडे बघितलं, आणि पुढच्या सवालात तीच सरकवलेली तिहाई उचलून समेवर आणून टाकली. पुतण्या एवढा खूश झाला की झांज एका हातात धरून त्याने मांडीवर थाप मारली. ती थाप मुद्रणात आहे. राहू देणार.

या रचनेची प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रत आहे, कारण कोणी काय केव्हा ऐकलं ते प्रत्येकाचं वेगळं. अल्बमवर देवगडची प्रत: तिकडचे ट्रॅक एक आवर्तन पुढे सरकवून, आम्ही ऐकलं तसं.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा. युरोपात आजच घड्याळं पुढे गेली. आंब्याचा हंगाम जोरात, आबा पहाटे बागेत आणि रात्री पेट्या भरण्यात. मांगर रिकामा करून तिथे अढी लावली. मे अखेरपर्यंत इकडचं मुद्रण बंद.

२५ मे २०२५

मान्सून आज देवगडपर्यंत आला, जूनची वाट न बघता. वीज सकाळपासून नाही.

दुसऱ्या रचनेत पखवाजाची चार आवर्तनं पुन्हा हवी होती. या हवेत पुडी काळी दोनला थांबत नाही, हातोडीने चढवली तरी पाच मिनिटांत उतरते. आबा म्हणाले, दिव्याखाली ठेवून शेकूया. शेकला असता, पण नोव्हेंबरच्या कोरड्या हवेतला आवाज आणि हा आवाज एकाच रचनेत शेजारी बसले नसते. ती चार आवर्तनं आता नाहीतच. तिथे पेटी एकटी वाजते, आणि ते जास्त चांगलं झालंय.

२९ जून २०२५

मिक्सिंगला एकच गोष्ट अडत होती. मांगराचा आवाज कोरडा, लिस्बनची खोली उंच छताची, साओ पावलोचा स्टुडिओ छोटा. सगळे ट्रॅक एकत्र वाजतात, पण एका जागी बसलेले वाटत नाहीत. जॅझच्या जुन्या मुद्रणांत सगळ्या वादकांभोवती एकच हवा असते, ती इथे नव्हती.

गुरवांना विचारून दुपारी देवळाच्या सभामंडपात गेले. गाभाऱ्यासमोर, जिथे डबलबारीचा एक बुवा बसतो, तिथे फुगा फोडला आणि दुसरा बुवा बसतो तिथे दोन माइक लावून तो आवाज मुद्रित केला. मग जागा उलटवून पुन्हा. फुटण्याचा तो एक टोकदार आवाज मंडपात कसा पसरतो आणि विझतो त्याची ही नोंद. रीपरमधल्या रिव्हर्बला, म्हणजे आवाजाला घुमणं देणाऱ्या साधनाला, ती दिली की कुठलंही वाद्य त्या मंडपात बसवता येतं. लाकडी खांब आणि वर कौलं असल्याने घुमणं थोडंच, उबदार, शेपूट लांब नाही.

ओस्लोचा पियानो एका बुवाच्या जागी, आबा दुसऱ्या. संध्याकाळी पाचही रचना तशा ऐकल्या. बसले सगळे.

१० ऑगस्ट २०२५

मास्टर, म्हणजे अल्बमचं अंतिम मुद्रण, तयार. नावांच्या आणि वाट्यांच्या याद्या आज पूर्ण केल्या, कारण हे काम मागे पडलं की कायमचं पडतं.

गावच्या वादकाला अशा कामात एकदाचं मानधन देतात आणि नाव येतं 'पखवाज साथ' एवढंच. आबांनी साथ केलेली नाही. गजराची चढण त्यांची, तिहाया त्यांच्या, पायरीपायरीने चढायची कल्पना त्यांची. पेटीच्या ताना काकांच्या. म्हणून पाचही रचनांवर संगीतकार म्हणून सातही जणांची नावं आणि समान सात वाटे. तिकडच्या तिघांनी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. कुठल्याही अभंगाची ओळ वापरलेली नाही, सगळ्या चाली इथेच झालेल्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात घेतलेल्या रचनेच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा लिहून घेऊन काढून घेता येत नाही. आबांना हे वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग पुतण्याला बोलावून त्यालाही ऐकायला लावलं.

आबा, काका आणि पुतण्या तिघांचे आयपीआरएसचे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सदस्यत्वाचे अर्ज भरून झाले. आबांच्या अर्जाला पासबुकाची झेरॉक्स तेवढी लावायची राहिली आहे. ती या आठवड्यात, ते गणपतीची माटवी (मूर्तीवरचं फळापानांचं छत) बांधायला घ्यायच्या आत.